बाराचे ॲव्हरेज: नाशिकच्या इंदिरानगरमधील एका छोट्या गाडीचे प्रकरण

२०२५ च्या नोव्हेंबरात दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या, तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने तक्रार केली की तिची गाडी लिटरला जेमतेम बारा किलोमीटर चालते आणि पूर्वी हीच गाडी सतरा-अठरा सहज द्यायची. गाडी २०१८ सालची आहे. एक लिटर क्षमतेचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, हाताने बदलायचे पाच गिअर आणि सुमारे ७१,००० किलोमीटर झालेले रनिंग असलेली ही साधी हॅचबॅक. घरात दोन निष्कर्ष आधीच निघालेले होते. दाजींच्या मते सगळा दोष वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा होता आणि त्यावरचा उपाय म्हणजे सीएनजी किट. त्यासाठी ५८,००० रुपयांचे कोटेशनही त्यांनी आणून ठेवले होते. ताईचे म्हणणे होते की गाडीच काढून टाकावी. मी सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो आणि आमच्याकडे मोजमाप हाती येईपर्यंत यंत्राला दोष देण्याची पद्धत नाही. म्हणून मी दोघांकडून तीन महिन्यांची मुदत मागून घेतली.

मोजायचे कसे, हा पहिला प्रश्न होता. डॅशबोर्डवरचा आकडा १३.६ दाखवत होता, ताईच्या अंदाजाने बारा होते आणि दाजी पाचशे रुपयांचे पेट्रोल टाकून ते किती दिवस पुरते यावरून हिशेब करत होते. यांतले काहीच धरून चालण्यासारखे नव्हते. त्यामुळे टाकी फुल ते टाकी फुल ही जुनी पद्धत घेतली, मात्र थोड्या शिस्तीने: पंप एकच, शक्यतो त्याच बाजूचे नोजल, सकाळची वेळ आणि नोजल पहिल्यांदा आपोआप बंद झाले की तिथेच थांबायचे, पंपावरचा मुलगा कितीही आग्रह करो, पुढे रुपया पूर्ण करण्यासाठी एक थेंबही घ्यायचा नाही. एकेका टाकीत अर्धा-पाऊण लिटरची चूक सहज होते, म्हणून शाळेचे बावीस दिवस पूर्ण होईपर्यंतचा काळ हा एक टप्पा धरला. पहिल्या टप्प्यात कोणालाही काहीही बदलायला सांगितले नाही. गाडी ६४४ किलोमीटर धावली आणि ५३.० लिटर पेट्रोल लागले, म्हणजे लिटरला १२.१५ किलोमीटर. ताईचा अंदाज डॅशबोर्डपेक्षा अचूक निघाला.

आता राहिले ते जुने सतरा-अठरा. चौकशी केल्यावर जे कळले ते घरात सगळ्यांना ठाऊक होते, फक्त कोणी जोडून पाहिले नव्हते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत दाजी सिन्नरजवळ मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होते आणि गाडी रोज जाऊन-येऊन पासष्ट किलोमीटर पुणे महामार्गावर धावत होती. त्यानंतर त्यांना अंबडला नोकरी मिळाली, तिथे कंपनीची बस येते, आणि गाडी पूर्णपणे ताईकडे आली. ती गंगापूर रोडवरच्या शाळेत शिकवते. इंदिरानगरच्या बोगद्यातून गोविंदनगर, सिटी सेंटर मॉल, एबीबी सर्कल, महात्मानगर आणि जेहान सर्कल असा तिचा रस्ता आहे, एका बाजूने आठ किलोमीटर. याखेरीज भाच्याचा संध्याकाळचा क्लास घरापासून १.४ किलोमीटरवर आहे. सोडून परत, आणायला जाऊन परत अशा दिवसाला चार फेऱ्या, महिन्याला सुमारे ११२ किलोमीटर. भाजी, किराणा, औषधे यांची किरकोळ पन्नास-साठ किलोमीटर, आणि महिन्यातून दोनदा सिन्नरला आजीकडे. थोडक्यात, गाडी तीच राहिली आणि तिचे काम मात्र पूर्ण बदलले होते. महामार्गावरचे सतरा आणि बोगद्यातल्या रांगेतले बारा यांची तुलना दोन वर्षे चालू होती.

इथेनॉलचा मुद्दा मी लगेच निकालात काढला नाही, कारण त्यात तथ्य आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते. पण ताईची गाडी आधीही शुद्ध पेट्रोलवर चालत नव्हती. देशात दहा टक्के मिश्रण २०२२ मध्येच गाठले गेले होते. दहावरून वीसवर जाताना पडणारा फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतो. सतराच्या ॲव्हरेजमधून तेवढा वजा केला तर साडेसोळाच्या जवळ आकडा येतो, बारा काही येत नाही. २०२३ पूर्वीच्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि सील यांच्या टिकाऊपणाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो या प्रकरणाचा विषय नाही.

डावे मागचे चाक

दुसऱ्या टप्प्याआधी गाडी तपासली. ताईच्या सोसायटीच्या गेटपाशी थोडा उतार आहे. तिथे गाडी न्यूट्रलला ठेवून हँडब्रेक सोडला आणि ब्रेकवरचा पाय काढला की ती स्वतःहून सरकायला हवी. ती सरकली नाही. मी खाली उतरून एका हाताने ढकलली तेव्हा डाव्या बाजूने बारीक कुरकुर ऐकू आली आणि गाडी अनिच्छेने दोन फूट पुढे गेली. दुसऱ्या दिवशी ताई शाळेतून परतल्याबरोबर कारखान्यातून आणलेल्या इन्फ्रारेड तापमापकाने चारही चाकांचे मध्यभाग तपासले. तीन चाके ३८ ते ४२ अंशांच्या दरम्यान होती आणि डावे मागचे ७१ अंशांवर. तापमापकाची तशी गरजही नव्हती, कारण त्या चाकाजवळ वाकले की ब्रेकची घासणारी पट्टी, म्हणजे लायनर, तापल्याचा करपट वास येत होता.

पाथर्डी फाट्याजवळच्या मेकॅनिकने त्या चाकाचा ब्रेक ड्रम उघडला. आतल्या पृष्ठभागावर निळसर झाक आलेली होती आणि लायनर काचेसारखे चकाकत होते. हँडब्रेकची केबल तिच्या आवरणात गंजून अडकली होती. लिव्हर खाली केला तरी केबल पूर्ण मागे येत नव्हती. शिवाय मागच्या एका सर्व्हिसिंगमध्ये ती गरजेपेक्षा जास्त ताणलेली होती. "पावसाळाभर ओढूनच ठेवला असेल ना?" मेकॅनिकने विचारले. ताई म्हणाली, "मग काय करणार, गाडी उतारावर लागते आमची." प्रश्न आणि उत्तर दोन्ही बरोबर होते. नवी केबल, लायनर घासून साफ करणे आणि मजुरी मिळून १,४५० रुपये लागले.

टायरची हवा हा दुसरा शोध होता, पण त्याची कोणाला लाज वाटावी असे काही नाही, कारण पार्किंगमधल्या निम्म्या गाड्यांची हीच अवस्था असेल. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरील स्टिकरवर ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) लिहिले होते. प्रत्यक्षात चार चाकांत २४, २६, २२ आणि २५ निघाले. ताई हवा भरत नव्हती असे नाही, ती शाळेतून येताना भरत असे. तापलेल्या टायरमध्ये दाब तीन-चार पीएसआयने जास्त दिसतो आणि थंडी पडली की दर पाच-सहा अंशांमागे साधारण एक पीएसआय उतरतो. हे दोन्ही एकत्र आले की नाशिकच्या डिसेंबरात सकाळी टायर चांगलाच बसलेला असतो. हवा सकाळी गाडी हलवायच्या आधी, किंवा निदान घराजवळच्या पंपावरच तपासायची, एवढा बदल केला. प्रत्येक पीएसआयमागे इंधनात ०.२ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, म्हणजे इथे फार तर दोन टक्के. टायरची कडेने होणारी झीज आणि ओल्या रस्त्यावरची पकड हे हवा बरोबर ठेवण्याचे त्याहून मोठे कारण आहे.

एअर फिल्टर मळलेला होता, तो बदलला. त्यामुळे ॲव्हरेज वाढते असा समज कार्ब्युरेटरच्या काळातला आहे. इंजेक्शनच्या गाडीत इंजिनाचा संगणक हवेच्या प्रमाणातच पेट्रोल सोडतो, त्यामुळे मळलेल्या फिल्टरने ओढ कमी होते, पण खप फारसा वाढत नाही.

डिसेंबरमधील दुसऱ्या टप्प्यात गाडी ६३१ किलोमीटर धावली आणि ४५.१ लिटर लागले. ॲव्हरेज १४ वर आले. दीड हजाराच्या खर्चात महिन्याला आठ लिटर कमी झाले, आणि दाजींनी सीएनजीचे कोटेशन फ्रिजवरून काढून कपाटात ठेवले. नोंद करण्यासारखी एक गोष्ट म्हणजे या सर्व काळात गाडीचे पीयूसी प्रमाणपत्र वैध होते आणि ते खोटेही नव्हते. तापलेल्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे प्रमाण किती, एवढेच ती तपासणी सांगते. एक चाक ब्रेक धरून फिरत असले तरी धूर स्वच्छच असतो, फक्त जास्त निघतो.

१.४ किलोमीटर

इथून पुढचा भाग मला सर्वांत शिकवून गेला, म्हणून तो सविस्तर देतो. स्टिअरिंगखाली दोष तपासण्यासाठी असलेल्या सॉकेटमध्ये बसणारा एक छोटा ब्लूटूथ स्कॅनर घेतला आणि मोबाइलवर इंजिनाचे तापमान आणि पेट्रोलचा अंदाजे खप फेरीनिहाय नोंदवला. एकूण लिटर पंपावरचे खरे धरायचे आणि त्यांची वाटणी स्कॅनरच्या अंदाजाने करायची, असे ठरवले. त्यामुळे खालचे फेरीनिहाय आकडे थोडे मागेपुढे होऊ शकतात.

सकाळी सव्वासातला निघताना इंजिनाचे पाणी १४ अंशांवर असे आणि ते ८० अंशांवर पोहोचेपर्यंत गाडी सिटी सेंटर मॉलच्या सिग्नलपर्यंत आलेली असे. म्हणजे आठ किलोमीटरच्या प्रवासातला मोठा भाग थंड इंजिनावर जात होता. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून संगणक ते जादा सोडतो. ऑइल जाड असते, त्यामुळे घर्षण जास्त. आणि धुरातील विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम सुरूच करत नाही. क्लासच्या फेरीचा आलेख तर पाहण्यासारखा होता. गाडी निघते, तापमान चढू लागते, ४० अंशांच्या पुढे सरकते न सरकते तोच क्लास येतो. परत येऊन गाडी दीड तास उभी राहते आणि पुन्हा तेच. आणायला गेल्यावर क्लास सुटेपर्यंत दहा-बारा मिनिटे इंजिन सुरू ठेवून मोबाइल पाहत बसणे हा त्यातला आणखी एक खर्च. एवढे लहान इंजिनही उभ्या गाडीत तासाला अर्धा-पाऊण लिटर पिते. डिसेंबरच्या ४५.१ लिटरपैकी सुमारे १३ लिटर या क्लासच्या ११२ किलोमीटरवर खर्च झाले होते. एकूण अंतराच्या अठरा टक्के, पण पेट्रोलच्या एकोणतीस टक्के. लिटरला साडेआठ किलोमीटर. शाळेच्या फेऱ्यांत मात्र हीच गाडी १६.४ देत होती आणि सिन्नरला २१.

"म्हणजे पोराला चालत पाठवू म्हणतोस?" ताईचा पहिला प्रश्न होता, आणि तो रास्त होता. संध्याकाळी साडेसातला क्लास सुटतो, थंडीत तेव्हा पूर्ण काळोख असतो, सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्यांना दिवे असतीलच असे नाही. अखेर तडजोड झाली. जाताना उजेड असतो, तेव्हा तो चालत जातो. अठरा मिनिटे लागतात. परत आणायला सोसायटीतल्या आणखी दोन घरांबरोबर पाळी लावली, कारण त्यांचीही मुले त्याच क्लासला होती आणि तीन गाड्या रोज एकाच वेळी एकाच दारात इंजिन सुरू ठेवून उभ्या राहत होत्या. ताईच्या वाट्याला तीन दिवसांतून एक फेरी आली. महिन्याचे ११२ किलोमीटर १९ वर आले. भाजी आणि किराणा घरी येऊन पुन्हा निघण्याऐवजी शाळेतून परतताना, तापलेल्या इंजिनावर, वाटेतच घ्यायचे ठरले. त्यासाठी महिन्याला पंधराएक किलोमीटरचे वळण पडते.

सकाळी गाडी सुरू करून पाच मिनिटे गरम करत ठेवायची ताईची सवय आमच्या वडिलांकडून आलेली आहे. त्यांच्या काळच्या गाडीला ती गरजेची होती. आता सुरू करून बेल्ट लावेपर्यंतचा अर्धा मिनिट पुरतो, आणि पहिले दोन किलोमीटर गाडी हलक्या पायाने चालवली की ती उभी असण्यापेक्षा लवकर तापते. ही सवय मोडायला सर्वांत वेळ लागला.

हात आणि पाय

चालवण्याच्या पद्धतीत ताईला फार काही सांगावे लागले नाही. बोगद्यातल्या रांगेत हाफ क्लचवर गाडी पुढे-मागे रेटण्याऐवजी समोर एक गाडीची जागा होऊ द्यायची आणि मगच पहिल्या गिअरमध्ये सरळ जायचे. सिग्नल लाल दिसला की शंभर मीटर आधीच ॲक्सिलरेटर सोडायचा. पस्तीस-चाळीसच्या वेगाला चौथा गिअर टाकायचा. तिसऱ्यात गाडी ओरडत नेण्याचे कारण नाही, मात्र ती धडधडू लागली तर खालचा गिअर घ्यायलाच हवा. अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद. एवढ्याने शाळेच्या फेरीत १६.४ चे साडेसतरा झाले. वेग कमी ठेवल्याने वेळ किती वाढला, याची दाजींना फार चिंता होती. आठ किलोमीटरला पूर्वी सव्वीस मिनिटे लागत होती, आता सत्तावीस लागतात.

दाजींचा स्वतःचा हिशेब सिन्नरच्या वाटेवर होता. परत येताना मोहदरी घाटाच्या उतारावर ते गाडी न्यूट्रलला टाकत, पेट्रोल वाचते म्हणून. त्यांना स्कॅनर दाखवला. गाडी चौथ्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की खपाचा आकडा शून्यावर येतो, कारण चाकेच इंजिनाला फिरवत असतात आणि संगणक इंजेक्शन बंद करतो. न्यूट्रल केले की इंजिन जिवंत ठेवण्यासाठी पेट्रोल पुन्हा सुरू होते. आकडा शून्यावरून वर उडी मारताना त्यांनी तीनदा पाहिला आणि चौथ्यांदा गिअर काढला नाही. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अडसर नसतो, सगळा भार ब्रेकवर येतो, हे मी आधी कितीदा सांगितले होते. पण पटले ते पेट्रोलच्या भाषेत. महामार्गावर नव्वदऐवजी सत्तरने जायलाही ते तयार झाले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने नव्वदला तो सत्तरच्या दीडपटीहून अधिक असतो, आणि आमची ही गाडी उंच, चौकोनी पेटीसारखी आहे.

जानेवारीतील तिसऱ्या टप्प्यात गाडी ५०६ किलोमीटर धावली आणि २८.५ लिटर लागले. ॲव्हरेज १७.७५. पहिल्या टप्प्याच्या तुलनेत महिन्याला २४.५ लिटर कमी, लिटरला १०४ रुपये धरले तर सुमारे २,५५० रुपये. वीस टक्के मिश्रणाचे एक लिटर जळाले की धुरातून दोन किलोहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे तो पन्नास किलोंहून अधिक घटला. तुलना अगदी काटेकोर नाही. तीनही टप्पे थंडीचे असल्याने एसी जवळपास बंद होता, आणि मार्चनंतर एक लिटरच्या इंजिनावर तो भार चांगलाच जाणवेल.

दाजी मात्र १७.७५ या आकड्यावरच खूश होते, आणि इथे माझा त्यांच्याशी मतभेद आहे. समजा क्लासच्या फेऱ्या तशाच ठेवून डिसेंबरात सिन्नरला जाणे बंद केले असते, तर पावणेसहा लिटर पेट्रोल वाचले असते आणि ॲव्हरेज चौदावरून तेरावर घसरले असते. उलट रविवारी विनाकारण त्र्यंबकेश्वरला एक चक्कर मारली असती तर ॲव्हरेज वाढले असते आणि पेट्रोलही. ॲव्हरेजमध्ये आणखी एक फसवणूक आहे: हजार किलोमीटरसाठी बाराचे पंधरा झाले तर जवळपास सतरा लिटर वाचतात, वीसचे तेवीस झाले तर साडेसहाच. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर असे उलटे मोजतात, ते याच कारणाने बरे वाटते. म्हणून वहीत आता ॲव्हरेजच्या आधी महिन्याचे लिटर हा रकाना आहे.

सीएनजीचा निर्णय त्यामुळे आपोआप बदलला. महिन्याला ५३ लिटर लागत असताना दाजींच्या हिशेबाने दोन हजारांची बचत होऊन किट अडीच वर्षांत फिटणार होते. २८.५ लिटरवर तीच बचत अकराशेच्या आसपास येते आणि ५८,००० फिटायला चार वर्षांहून जास्त लागतात. तोवर गाडी बारा वर्षांची होईल. शिवाय किट बसवलेली गाडीही सुरू पेट्रोलवरच होते आणि इंजिन थोडे तापल्यावर गॅसवर जाते, त्यामुळे ज्या छोट्या फेऱ्यांनी सगळा घोळ केला होता त्यांचा बराचसा भाग पेट्रोलवरच गेला असता, आणि डिकी सिलिंडरने भरली असती. रोज साठ-सत्तर किलोमीटर चालवणाऱ्याला मी किट घ्यायलाच सांगेन. विजेच्या गाडीचा विचारही झाला, पण महिन्याला पाचशे किलोमीटरसाठी चालती गाडी काढून नवे कर्ज घेणे ताईला पटले नाही, मलाही नाही.

फेब्रुवारीत क्लासच्या पाळीतले एक घर पाथर्डी रोडला राहायला गेले. आता ताईची फेरी एक दिवसाआड येते, आणि वहीत त्या महिन्यापुढे एक लिटर जास्त लिहिलेला आहे. गाडी आता गेटपासच्या उतारावर न लावता आतल्या सपाट जागेत, पहिल्या गिअरमध्ये लावली जाते, हँडब्रेक सैल असतो आणि मागच्या उजव्या चाकाला दाजींनी एक वीट लावलेली असते. सकाळी निघताना ती काढायची कोणी, यावरून रोज थोडा वाद होतो.